लाल वायर

दस्तगीर शिकलगारनं उद्यमनगरात
डॅशबोर्डखाली मुंडी घालून सांगितलं,
"तीन वायरी हायत बघा. काळी बॉडीला.
पिवळी चावीबरोबर उठणारी.
आणि ही लाल, हिला झोप न्हाई.
गाडी उभी असली तरी ही चालूच."

मला लालच पाहिजे होती.
गेल्या अमावस्येला टेंपोचा डावा आरसा
कुणीतरी उपटून नेला, ताडपत्री फाडली,
आणि गल्लीत विचारलं तर
सगळे एकदम गाढ झोपणारे निघाले.

"पण मालक," तोंडात स्क्रू धरून तो म्हणाला,
"रात्रभर डोळा उघडा ठेवला
तर सकाळी सेल कशावर मारतासा?
म्हणून ही डबी. बॅटरी बारा पॉइंट दोनवर आली
की कॅमेरा आपला आपण बंद.
तीन वर्षांची बॅटरी हाय, जास्त ताणू नका."

मग रोज सकाळी चहाबरोबर
मी लक्षतीर्थातली आमची रात्र बघायला लागलो.
हौद्याला लागलेला गूळ चाटणारं कुत्रं.
फाउंड्रीची सेकंड शिफ्ट संपवून
चप्पल हातात घेऊन येणारे सुतार
(बायको जागी होईल म्हणून, हे मला आत्ता कळलं).
एक मांजर. परत तेच कुत्रं.
चोर काही आला नाही.

बुधवारी, दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी,
बनियनवर माझा सुयोग आला.
बॉनेटसमोर उभा राहिला,
जशी मीच आत बसलोय.
केस सारखे केले. घसा साफ केला.
"पप्पा, एक सांगायचं होतं."
थांबला. परत पहिल्यापासनं.
"पप्पा, आधी चिडायचं नाही.
मी दिवाळीपासनं"

आणि काळं.
बारा पॉइंट दोन.

तो तुकडा मी मार्केट यार्डात
रवे चढेपर्यंत अकरा वेळा बघितला.
हमाल म्हणाला, पिक्चर चांगला दिसतोय.

दुपारी शिकलगारकडे गेलो.
"डबी खाली आण. अकरा पॉइंट सहा कर."
"सकाळी गाडी उठणार न्हाई."
"न उठू दे."
त्यानं माझ्याकडं बघितलं, हात पुसले,
आणि पैसे घेतले नाहीत.

त्या रात्री कॅमेरा पहाटेपर्यंत जागा.
कुत्रं. सुतार. कुत्रं.
सुयोग आला नाही.
पाच वाजता माझ्या खिडकीत उजेड दिसतोय,
आणि त्यात माझंच डोकं, गाडीकडे बघणारं.

सकाळी चावी फिरवली. टिक. टिक. बस.
हाक मारायच्या आधीच तो खाली आला.
मी म्हणालो, तू आत बस, मी ढकलतो.
"तुमच्या कमरेचं काय?"
"सेकंड टाक. मी म्हणालो की क्लच सोड."

गल्लीच्या उतारावर दोघांनी मिळून
एका मेलेल्या गाडीला आठवण करून दिली.
एक हिसका बसला, धूर निघाला, आणि उठली.
वर काचेवर बारका लाल दिवा लागला.

"आता अर्धा तास बंद करायची नाही," मी म्हणालो,
"बॅटरी भरू दे." पलीकडच्या सीटवर चढलो.
यार्डात फोन केला, आज उशीर होईल.

रंकाळ्याला पहिली फेरी तो गप्पच.
"बॅटरीत पाणी कधी घातलंय पप्पा?"
"आठवत नाही."
"बघायला पाहिजे हो."
"होय."

संध्यामठ मागे गेला.
मी हात वर केला आणि कॅमेऱ्याचं तोंड
काचेकडनं छताकडं फिरवलं.
तो बघत होता. त्याला कळलं,
मी काय बघितलंय ते.
त्यानं गिअर बदलला, गरज नसताना,
आणि मी डिझेलच्या काट्याकडं बघितलं.

काटा अर्ध्याच्या वर होता.
अजून बऱ्याच फेऱ्या होत्या.